वायदा आणि विसार

माझ्या धाकट्या बहिणीचा निकाह १४ मे २०२३ रोजी सोलापुरात झाला. रविवार होता. शव्वालचा महिना, शाळांना सुट्टी, पाहुण्यांना सोयीचा दिवस, असा सगळा विचार करून अब्बांनी तारीख धरली होती. बरात लातूरहून येणार होती. मोहल्ल्याला लागून असलेल्या मैदानात मंडप घालायचा, तिथेच निकाह, तिथेच खाना. हॉल अगदीच परवडला नसता असे नाही. पण अब्बांचे सारे आयुष्य चादरीच्या कारखान्यात मागावर गेले. त्यांच्या बरोबरीची माणसे हॉलमध्ये अवघडून बसतात, मैदानात मोकळी बसतात, असे त्यांचे म्हणणे होते.

सकाळी आठ वाजता मी मैदानात गेलो. अर्ध्या जागेवर कापड चढले होते. उरलेल्या अर्ध्यात नुसते लोखंडी पाइप उभे होते, आणि त्यांच्या सावल्या जमिनीवर बारीक दोऱ्यांसारख्या पडल्या होत्या. पाचशे खुर्च्या ठरल्या होत्या, आल्या होत्या दोनशे. सहा कूलर ठरले होते, एकही नव्हता. मंडपवाल्याचा फोन बंद. कापड बांधणारा पोरगा म्हणाला, "सेठ दुसऱ्या साइटवर गेलेत, येतो बोल्ले." सोलापूरचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचे सांगायला नको. निकाह जोहरच्या नमाजीनंतर होता. बरातीतली म्हातारी माणसे जिथे सावली मिळेल तिथे, शेजाऱ्यांच्या ओट्यावर, भिंतीच्या कडेला बसली. आम्ही भावांनी घरोघरी जाऊन खुर्च्या आणि सतरंज्या गोळा केल्या. दुसऱ्या एका दुकानातून तीनशे खुर्च्या आणि कापड ऐनवेळी, मागतील त्या भाड्याने आणले. ते पोचेपर्यंत पहिली पंगत उन्हात जेवून उठली होती. मुलाचे वडील भले माणूस, काही बोलले नाहीत. अब्बा मात्र त्यांच्यासमोर दिवसभर हात जोडल्यासारखे उभे होते. ते मला अजून दिसते.

मुलगी सुखाने नांदते आहे. तेव्हा ही तक्रार नाही, आणि लग्नघरात कोण कोण फसवतो याची यादी करण्याचाही विचार नाही. कार्ड छापणाऱ्याने आठ दिवस उशीर केला आणि उर्दू मजकुरात एका नुक्त्याची चूक ठेवली. ती चूक प्रूफ तपासताना मला, उर्दूच्या मास्तरला, दिसली नव्हती, तेव्हा त्याला काय बोलणार! दर्जीने "उद्या नक्की" हे दोन शब्द अकरा वेळा सांगितले. शूटिंगवाला निकाह लागल्यावर आला. हे सगळ्यांच्याच घरी होते. मला बोलायचे आहे ते मंडपवाल्याबद्दल, कारण त्याच्यामुळे एक प्रश्न माझ्या मागे लागला आणि तो लग्न उरकल्यावरही सुटला नाही.

वायदा म्हणजे नेमके काय? मी वर्गात मुलांकडून 'ईफा-ए-अहद' या विषयावर निबंध लिहून घेतो. दिलेला शब्द पाळणे. मुले छान लिहितात. पण लग्नाच्या त्या दोन महिन्यांत माझ्या लक्षात आले की शब्द देणे ही गोष्टच आपल्याकडे पातळ झाली आहे. "इन्शाअल्लाह हो जाता सर, तुमे फिकिर नक्को करो." हे वाक्य मी किती जणांकडून ऐकले असेल! सूरह कहफमध्ये याबद्दलची शिकवण आहे. उद्या मी अमुक करीन असे म्हणताना अल्लाहच्या मर्जीची आठवण ठेवावी. म्हणजे बोलणाऱ्याने आधी ठाम ठरवावे, आपल्या हातात आहे तेवढे सारे करावे आणि जे हातात नाही त्याच्यापुढे नम्र व्हावे. आता तोच शब्द उलटा झाला आहे. 'इन्शाअल्लाह' म्हटले की आपली जबाबदारी वर सोपवून मोकळे. ऐकणाऱ्यालाही ते कळते. दर्जीने नुसते "शुक्रवारी देतो" म्हटले असते तर मी शुक्रवारी गेलो असतो. त्याने "इन्शाअल्लाह शुक्रवारी" म्हटले म्हणून मी शनिवारी गेलो. अल्लाहचे नाव मध्ये आल्यावर भरवसा वाढायला हवा होता. तो एका दिवसाने कमी झाला.

दुसरी गोष्ट विसाराची. आम्ही घरात त्याला बयाना म्हणतो. मंडप चाळीस हजारांना ठरला, अठरा हजार बयाना दिला. त्याने पावती दिली, तळाशी छापलेले 'चूक भूल द्यावी घ्यावी'. मला तेव्हा वाटले की पैसे देऊन मी त्याला बांधून घेतले. थोडा विचार केला असता तर उमगले असते की बांधला गेलो होतो मी. मी माघार घेतली असती तर अठरा हजार त्याचे. तो आला नसता तर माझ्याजवळ काय होते? एक कागद, त्यावर चुकीची माफी आधीच छापलेली. त्याचे काहीच माझ्याकडे गहाण नव्हते.

लग्नानंतरच्या शनिवारी, २० मे रोजी, तो बाकीचे बावीस हजार मागायला आला. आदल्याच संध्याकाळी रिझर्व्ह बँकेने दोन हजारांच्या नोटा मागे घेण्याचे जाहीर केले होते आणि आमच्या घरी सलामीच्या पाकिटांतून तशा काही नोटा निघाल्या होत्या. भाईजान म्हणाले, "याला त्याच देऊन टाकू." हसण्यावारी गेले. पण मी त्यातली एक नोट हातात धरून बघत बसलो. नोटेवर गव्हर्नरच्या सहीने छापलेले वचनच असते, धारकाला इतके रुपये अदा करण्याचे. त्या वचनाला मुदत घातली गेली तरी बँकेत रांग लावून पुरे पैसे मिळत होते. असो. मंडपवाला दारात उभा होता. तो नजर चुकवत नव्हता, आणि हे मला विशेष वाटले. त्याला खरोखर वाटत होते की बाकी त्याची आहे.

अब्बा म्हणाले, देऊन टाका, तोंड बघायला नको. भाईजान म्हणाले, एक पैसा देऊ नका, उलट बयाना परत घ्या. माझ्यावर सोपवले, कारण घरात बी.एड. मीच.

मी त्याला आठ दिवसांनी ये म्हटले आणि दोन ठिकाणी विचारले. आतेभाऊ वकिली करतो. त्याने १८७२ च्या करार कायद्याची दोन कलमे सांगितली. कलम ७३ प्रमाणे करार मोडला तर सहज आणि सरळ झालेले नुकसान मिळते. दूरचे, आडवळणाचे नाही. म्हणजे दुसऱ्या दुकानाचे भाडे मिळेल, अब्बांची खाली गेलेली मान त्यात बसणार नाही. आणि कलम ५५ मध्ये एक मेख आहे. जिथे वेळेलाच महत्त्व असते तिथे वेळ चुकली तर करार मोडण्याचा हक्क समोरच्याला मिळतो. पण उशिरा केलेले काम तुम्ही स्वीकारले आणि त्याच वेळी 'भरपाई मागणार' असे कळवले नाही, तर त्या उशिराबद्दल पुढे बोलता येत नाही. दुपारी दोन वाजता तो तीन कूलर घेऊन आला तेव्हा मी काय केले होते? "लवकर लाव" म्हणालो होतो. बरात दारात असताना नोटीस कोण देतो!

मौलानासाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, आधी वादा आणि अक्द यांत फरक करा. नुसता वादा पाळणे दीनदारी आहे, तो मोडणाऱ्याला अल्लाहपुढे उत्तर द्यावे लागेल, पण आपल्या हनफी फिकहमध्ये काझी साधारणपणे त्याची जबरदस्ती करत नाही. मालिकी आलिमांचे एक मत असे आहे की तुमच्या वाद्यावर विसंबून कोणी पाऊल टाकले, खर्च केला, तर तो वादा बंधनकारक होतो. १९८८ साली कुवेतमध्ये भरलेल्या इस्लामी फिकह अकादमीच्या बैठकीनेही साधारण असाच कौल दिला. हे मत मला फार पटले. शब्द जड होतो तो दुसऱ्याने त्यावर आपला भार टाकला म्हणून. आम्ही त्या माणसाच्या "हो"वर पाचशे माणसांना उन्हात बोलावले होते. पण मौलानासाहेब म्हणाले, "सर, तुमचा मामला वाद्याचा नाहीच. मंडप भाड्याने घेणे हा इजारा आहे, अक्द आहे. जेवढा फायदा मिळाला तेवढी उजरत द्या. नाही मिळाला त्याची देऊ नका. रागाची किंमत मात्र कापू नका." शेवटचे वाक्य त्यांनी दोनदा सांगितले.

हिशेबाचा प्रश्न तिथे सुटला होता. माझा नव्हता सुटला, कारण मला राहून राहून एक गोष्ट आठवत होती. या मंडपवाल्याला मीच निवडले होते. त्याच वर्षी जानेवारीत आमच्या शाळेच्या गॅदरिंगचा मंडप त्याने घातला होता आणि ठरल्या वेळेच्या तासभर आधी सगळे तयार ठेवले होते. तेव्हा मुख्याध्यापक आणि संस्थेचे पदाधिकारी समोर होते. मग तोच माणूस मे महिन्यात बेभरवशाचा कसा झाला?

आठ दिवसांनी आला तेव्हा मी त्याला आत बसवले, चहा दिला आणि एवढेच विचारले, "त्या दिवशी कुठं होता तुम्ही?" तो खोटे बोलला नाही. एका माजी नगरसेवकाच्या घरी साखरपुडा होता. आदल्या रात्री फोन आला. "उनको ना बोल्या तो मेरा धंदा बंद हुता सर. आन तुमे तो अपने आदमी हय. तुमे समझते."

हे वाक्य तेव्हापासून माझ्याबरोबर आहे. खुर्च्या आणि कूलर एकच होते, वायदे दोन होते. त्याने कोणता मोडायचा हे ठरवले, आणि ठरवायचे माप काय, तर समोरचा काय करू शकतो. जो धंदा बंद करू शकतो त्याचा शब्द पाळायचा. जो समजून घेतो त्याचा मोडायचा. म्हणजे आमचा समजूतदारपणाच आमच्या विरुद्ध गेला. आम्ही शिवीगाळ करणारे असतो तर कदाचित खुर्च्या आमच्याकडे आल्या असत्या.

बी.एड.ला आम्हाला लॉरेन्स कोहलबर्गचा नैतिक विकासाचा सिद्धांत होता. तीन स्तर, सहा पायऱ्या. पहिल्या पायरीवर मूल शिक्षेच्या भीतीने वागते, वरच्या पायऱ्यांवर माणूस तत्त्वाने वागतो. परीक्षेत मी ते तक्त्यासह लिहिले होते, आजारी बायकोसाठी औषध चोरणाऱ्या हाइन्झच्या गोष्टीसकट. मंडपवाला पहिल्या पायरीवर आहे असे म्हणून मला त्याला नापास करता आले असते. पण तो तसा भित्रा किंवा लबाड नाही. मजूर मे महिन्यात गावी गेलेले, लग्नाचे दिवस वर्षात मोजके, त्या दिवसांत कमावलेले वर्षभर पुरवायचे. शिवाय आम्ही त्याचा भाव बावन्नावरून चाळीसवर पाडला होता आणि त्याचा अभिमान बाळगला होता. चाळिसात त्याला एका तारखेला एकच काम परवडत होते काय, हे आम्ही विचारले नाही.

याला उत्तर म्हणून मी आमच्या बावर्चीकडे बोट दाखवू शकतो. सत्तरी ओलांडलेला माणूस. बयाना घेतला नाही. पहाटे तीनला देगा आणि लाकडे घेऊन हजर. मी विचारले, तुम्हाला एका दिवसाची दोन कामे येत नाहीत का? म्हणाले, "आते ना. एक दिन कू एकच चुल्हा." बस, एवढाच नियम. त्याच्यापुढे कोण आहे, नगरसेवक की मास्तर, याचा त्यात संबंध नाही. त्यामुळे तो मोठा ठेकेदार झाला नाही हेही खरे. आणि अशा माणसाशी आम्ही कसे वागलो? पाचशे माणसांचा खाना सांगितला, जेवायला सातशेच्या आसपास उठले. दालचा पातळ करून, भात मोजून वाढून त्यांनी निभावले. ठरलेल्या मजुरीवर आम्ही काहीही जास्त दिले नाही. आमची संख्याही एक वायदाच होती ना? आम्ही तो मोडला, आणि त्यांनी समजून घेतले.

इथे थांबलो असतो तर बरे झाले असते. पण निकाहाच्या मजलिसमधला एक क्षण सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. काझीसाहेबांनी विचारले होते, मेहर नकद की उधार? मी भावाच्या नात्याने आधीपासून आग्रह धरला होता की बहिणीचा मेहर मजलिसमध्येच अदा व्हावा, आणि तो झाला. मला त्याचे समाधान वाटले. उर्दू लिपीत या दोन शब्दांत एका अक्षराचा फरक आहे. ऐनने लिहिलेला मुअज्जल म्हणजे ताबडतोब द्यायचा, हमजाने लिहिलेला मुअज्जल म्हणजे मुदतीचा. देवनागरीत लिहिले तर दोन्ही सारखेच दिसतात. माझ्या स्वतःच्या निकाहनाम्यात, २०१४ च्या, हमजा आहे. एकवीस हजार रुपये. मुदत लिहिलेली नाही.

मंडपवाल्याचा हिशेब घरात चालला होता तेव्हा पत्नी भाजी निवडत ऐकत होती. भाईजान रागाने म्हणाले, निर्लज्ज माणूस, बाकी मागायला येतो! ती वर न बघता म्हणाली, "उने मांगने कू तो आया." एवढेच. भाईजानना कळले नाही. मला कळले.

नऊ वर्षे मी तो मेहर का दिला नाही? पैसे नव्हते असे नाही. स्कूटर घेतली, पुढची खोली बांधली. द्यायचा आहे हे मनात होते. कोणी विचारले असते तर मी "इन्शाअल्लाह" म्हटले असते, आणि दर्जीपेक्षा जास्त प्रामाणिकपणे. पण स्कूटरचा हप्ता चुकला तर बँकेचा फोन येतो. पत्नीचा फोन येत नाही. ती आपली आहे, ती समजते. मंडपवाल्याचे माप आणि माझे माप यांत मला फरक सापडेना. आणखी एक गोष्ट मी मुद्दाम ताडून पाहिली. २०१४ साली दहा ग्रॅम सोने अठ्ठावीस हजारांच्या आसपास होते, म्हणजे एकवीस हजारांत साडेसात ग्रॅम. मे २०२३ मध्ये दहा ग्रॅमला साठ हजारांच्या आसपास पडत होते. त्याच एकवीस हजारांत साडेतीन ग्रॅम. मी टाळाटाळ केली आणि तिचे अर्धे सोने विरघळले. आकडा मात्र तोच राहिला. मौलानासाहेब म्हणाले, कर्ज रुपयांत ठरले, रुपयांतच फिटेल, एकवीस हजार दिले की तुम्ही मोकळे. शिवाय तुम्ही खुशीने जास्त दिले तर ते चांगले आहे. मला खुशीने हा शब्द टोचला. उशीर माझा, तोटा तिचा, आणि भरपाई द्यायची ती माझी मेहेरबानी म्हणून?

मंडपवाल्याला आम्ही बावीस हजारांतून दुसऱ्या दुकानाचे बिल, साडेनऊ हजार, आणि न आलेल्या तीन कूलरचे भाडे, दीड हजार, कापून अकरा हजार दिले. कागदावर सगळे मांडून, अब्बांसमोर. त्याने वाचले, थोडा घासाघीस करू पाहिला, मग सही केली. जाताना अब्बांना सलाम करून म्हणाला, "चाचा, माफ करना." अब्बा म्हणाले, "जाऊ दे बेटा." माझ्या आतेभावाच्या कलमांत जे बसत नव्हते ते अब्बांनी स्वतःच सोडून दिले. मला सोडता आले असते असे वाटत नाही.

पत्नीला मी साडेसात ग्रॅम सोने द्यायचे ठरवले. रक्कम एकदम निघत नव्हती. मी म्हणालो, दिवाळीपर्यंत देतो. तिने भिंतीवरचे कॅलेंडर काढून माझ्यापुढे ठेवले. मी तारखा लिहिल्या. दोन तारखा चुकल्या, एकदा पगाराने, एकदा माझ्या आळसाने. नोव्हेंबरात पुरे झाले. तिने बांगडी वगैरे केली नाही, नाणे घेतले आणि आपल्या पेटीत ठेवले. पेटीची किल्ली कुठे असते हे मी विचारलेले नाही.

राहिल्या लग्नात भांडी घासायला आलेल्या तीन बायका. रोज सहाशे ठरला होता. रात्री अकराला गडबडीत मी त्यांना पाचशे-पाचशे दिले आणि सांगितले, सुटे नाहीत, उरलेले उद्या घरी येऊन घेऊन जा. मजुराचा घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी ही हदीस मी दरवर्षी सातवीच्या मुलांना समजावून सांगतो. त्या आल्या नाहीत. शंभर रुपयांसाठी रिक्षाचे तीस-चाळीस घालवून कोण येणार! सगळे हिशेब काढले तेव्हा त्यांची आठवण झाली. बावर्चीकडून पत्ता घेऊन मी दोघींच्या घरी गेलो. एकीने पैसे घेतले, दुसरी काम मागू लागली. तिसरी गुलबर्ग्याच्या बाजूला लेकीकडे राहायला गेली, परत आली की सांगते, असे तिच्या शेजारणीने सांगितले. तिचे शंभर रुपये अजून माझ्याकडेच आहेत.